पाचवा केसर

कॉलेजात तिला केसरबाई म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते आता सापडायचं नाही, पण चिकटलं एवढं खरं. पुंकेसर, म्हणजे फुलातला परागाचा तंतू, हा शब्द तिच्या बोलण्यात दर दोन वाक्यांआड यायचा. ऑफिसात नव्याने लागलेल्या एका कारकुनाचा तर कितीतरी दिवस असा समज होता की बाई केशराचा जोडधंदा करतात, आणि एकदा त्याने भीतभीत भावही विचारला होता. ती हसली. हसताना तोंडावर हात धरायची तिला सवय होती, शेजारच्या खोलीत कुणी आजारी निजलंय आणि आवाज व्हायला नको, अशी.

घरात ती धाकटी. पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी धाकटीच. धाकटी म्हणवून घ्यायला घरात थोरली असावी लागते. थोरली कधीच नाहीशी झाली होती, पण हिचं धाकटेपण काही सुटलं नाही.

तिचं काम थोडक्यात सांगायचं तर फुलांची सोयरीक लावायचं. कोणतं घराणं कुणाच्या जवळचं, कोण सख्खं, कोण चुलत, हे ती फुलांच्या आत शिरून बघायची. आत्याबाई म्हणायच्या, "हिची स्वतःची सोयरीक जुळली नाही, म्हणून फुलांच्या जुळवत बसते." त्यात खोटं काही नव्हतं. कळी स्पिरिटात मुरवायची, मेणात बसवायची, मग चाकाच्या यंत्रावर तिचे केसाहून पातळ काप काढायचे. चाक फिरवलं की मेणाची फीत पात्यावरून सरकत बाहेर येते आणि त्या फितीत एकच कळी देठापासून टोकापर्यंत ओळीने कापलेली असते. ती कोमट पाण्यावर पसरायची, काचेवर घ्यायची, रंगवायची. फुलाच्या शिरा लाल होतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक काप बघत वर चढायचं, जिना चढावा तसं: ही शीर पाकळीत गेली, ही केसरात, ही बीजकोशात.

तिने निवडलेला गोतावळा मोठा होता. तीळ त्यात येतो, पुदिना येतो, बागेतलं डॉगफ्लॉवर येतं, लांबच्या नात्याने जाईसुद्धा येते. या सगळ्यांच्या फुलात पाकळ्या पाच किंवा पाचाच्या हिशेबातल्या, पण केसर मात्र कुठे पाच, कुठे चार, कुठे दोनच. बहुतेकांच्यात पाचवा गळालेला असतो, वरच्या दोन पाकळ्यांच्या मधला. कुठे त्याच्या जागी नुसता एक दोरा उरतो, कुठे टाचणीच्या टोकाएवढा कोंब. आणि कुठे बाहेरून काहीच दिसत नाही, पण आत काप घेतला तर त्याच्याकडे निघालेली शीर सापडते. ती थोडी वर जाते आणि संपते. वर्गात हे शिकवताना मुलं वहीत मुकाट उतरवून घ्यायची. बाई त्या शिरेचं चित्र फळ्यावर काढून झाल्यावरही पाठमोऱ्या का उभ्या राहतात, हे कुणी कधी विचारलं नाही.

हा विषय मुळात तिचा नव्हता. तो ताईचा होता.

ताई तिच्याहून आठ वर्षांनी मोठी. याच कॉलेजात, याच मजल्यावर शिकत होती. जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या गाळत उतरणारी, हट्टी, आणि जे दिसलं ते दिसलंच म्हणणारी. या गोतावळ्यातलं एक रानझाड डोंगराच्या कड्यावर उगवतं. जांभळट, घशात पिवळे ठिपके असलेली त्याची फुलं. जुन्या पुस्तकांत त्याचे केसर चार दिले होते. ताई म्हणायची पाच आहेत, मी पाहिलेत. तिच्या सरांनी सांगितलं की पाहिलेत म्हणून चालत नाही, दाखवावे लागतात. तिने आणलेल्या दोन-चार कळ्या काप घेताना वाया गेल्या होत्या. म्हणून पावसाळा सरत आल्यावर ती पुन्हा डोंगरावर गेली. सकाळी गेली ती आलीच नाही.

डोंगराखालची नदी तेव्हा दुथडी भरून वाहत होती. पोलीस आले, जंगलखात्याची माणसं आली, दोर टाकून कडा पाहिला. काही सापडलं नाही, चप्पल नाही की पिशवी नाही. फूल कड्याच्या काठावर येतं, ती फुलासाठी गेली होती, तेव्हा फूल काढताना पाय घसरला, हे सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलं. दुसरं ठरवायला होतं काय? वडील महिनाभर तो डोंगर तुडवत राहिले. परत आले ते निम्मे होऊन, आणि काही वर्षांतच गेले. आईने घरातल्या कुंड्या शेजारी देऊन टाकल्या. फूल म्हणून घरात काही येईना.

धाकटी तेव्हा शाळेत होती. पुढे कॉलेजात तिने हाच विषय घेतला, तेव्हा आई तिच्याशी आठवडाभर बोलली नाही. मग एका संध्याकाळी भांडी विसळता विसळता म्हणाली, "फुलं काप. पण कुणी आणून दिलेली काप. तू आणायला जायचं नाहीस. त्या डोंगरावर तर नाहीच नाही."

धाकटीने हो म्हटलं आणि पाळलंही. सगळी हयात तिने दुसऱ्यांनी आणलेल्या फुलांवर काढली. विद्यार्थी आणायचे, लांबच्या कॉलेजांतून बाटल्या यायच्या. कड्यावरचं ते फूल मात्र कुणी आणलं नाही. तिने मागितलंही नाही. कुणाला सांगायचं, जा आणि घेऊन ये म्हणून?

वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत ती बसायची. ताईही याच खोलीत काम करायची. कपाटात ताईने केलेल्या काचपट्ट्या अजून होत्या, कडेला तिच्या तिरप्या अक्षरातल्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. त्यातल्या एकीवर काप नीट बसलाच नव्हता, फाटून गोळा झाला होता. पण बाजूच्या डिंकात ताईच्या अंगठ्याचा ठसा उमटून वाळून बसला होता. धाकटी कधी कधी ती पट्टी भिंगाखाली ठेवायची. त्या रेषा शेतातल्या नांगराच्या तासांसारख्या दिसत. मधे एक आडवी चीर होती, पात्याने कापल्याची. ताईचं म्हणून जगात एवढंच उरलेलं, आणि ते कितीही मोठं करून पाहता येत होतं.

खोलीत आणखीही काही होतं. तिने ते कुणाला सांगितलं नाही. दुपारी कॉलेज निवांत झालं, वऱ्हांड्यात ऊन येऊन पडलं, की कधी कधी शेजारच्या यंत्राच्या खोलीतून चाक फिरल्याचा आवाज यायचा. खर्र, खट. खर्र, खट. घाईघाईने काप घेणाऱ्याचा हात. ती स्वतः सावकाश फिरवायची. उठून बघायला गेलं की यंत्रावर आच्छादन जसंच्या तसं. जुनी इमारत, लाकूड आवाज करतं, अशी ती स्वतःची समजूत घालायची. पण एकदा प्रयोगशाळेतला सहायक दारात येऊन उभा राहिला आणि तिला टेबलापाशी बघून गोंधळला. म्हणाला, "बाई, तुम्ही इथे? मग आत्ता आत कोण काप घेत होतं?" ती म्हणाली, मीच, आत्ताच इकडे आले. तो गेल्यावर तिने अर्धं राहिलेलं वाक्य लिहून पुरं केलं. भीती वाटली असं नाही. आपण इथे बाहेर आहोत हे आत जे कुणी आहे त्याला कळलंय, असं मात्र वाटलं.

निवृत्तीला थोडे महिने उरले असताना तिला एका जुन्या विद्यार्थिनीकडून एक फोटो आला. ही मुलगी जंगलखात्यात नोकरीला लागली होती आणि तिची बदली नेमकी त्या डोंगराच्या भागात झाली होती. फोटोत तेलाच्या जुन्या डब्यांची एक रांग होती आणि डब्या-डब्यांत एकच झाड. जांभळट फुलं, घशात पिवळे ठिपके. खाली लिहिलं होतं, "बाई, हे तुमच्या गोतावळ्यातलं का?"

तिने लगेच फोन लावला. डबे जंगलखात्याच्या डोंगरावरच्या चौकीतले, असं कळलं. चौकीदार जाऊन बरीच वर्षं झाली, त्याची म्हातारी बायको तिथेच राहते, तिची झाडं. धाकटीने चार कळ्या पाठवायला सांगितल्या. मुलीने दुसऱ्या दिवशी कळवलं की म्हातारी हात लावू देत नाही. म्हणते, झाड माझं नाही, ज्याचं आहे त्याला देईन.

धाकटीने आईला सांगितलं की परगावी परीक्षेचं काम आहे. आयुष्यात आईशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली, आणि बोलताना जीभ जड झाली नाही याचंच तिला नवल वाटलं.

चौकी कड्याच्या बरीच खाली होती. दगडी जोतं, पत्र्याचं छप्पर, पुढे सारवलेलं अंगण. विद्यार्थिनी गाडी लावायला मागे थांबली आणि धाकटी एकटीच फाटकातून आत गेली. म्हातारी तांब्याने डब्यांना पाणी घालत होती. तिने मान वर केली, हिच्याकडे नीट पाहिलं, पिकल्या केसांकडेही पाहिलं. तांब्या खाली ठेवला.

"उशीर केलास," ती म्हणाली.

म्हातारीने पदराने ओटा झटकून तिला बसायला जागा केली, मग डब्यांकडे बोट दाखवून सांगू लागली. पहिलं झाड केव्हाच गेलं. त्याचं बी पडलं, त्याची झाली. डबे गंजले, बदलले. एका वर्षी तर सगळी करपली, एकच तगलं. पण तू ठेवायला सांगितलंस म्हणून ठेवलं. तेव्हा कुठे धाकटीच्या ध्यानात आलं. ही बाई ताईची वाट पाहत होती, आणि वाट पाहता पाहता तिने तिला मनातल्या मनात म्हातारी होऊ दिलं होतं.

मी ती नव्हे, तिची बहीण, हे धाकटीने सांगितलं. म्हातारीने आणखी एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग राहिलेलं सांगितलं.

त्या दिवशी ताई कड्यावरून सुखरूप खाली आली होती. ओल्या फडक्यात मुळासकट झाड गुंडाळून आली, इथेच, या अंगणात. म्हातारी तेव्हा नवी लग्न होऊन आलेली. ताईने तिच्याकडून रिकामा डबा मागून घेतला, माती भरली, झाड लावलं. चार घास खाल्ले. खूश होती, सारखी बोलत होती, सापडलं म्हणत होती. गाडीला अवकाश होता, म्हणून ओट्यावर टेकली होती.

"मग?"

"मग तिनं वर बघितलं. कुणी हाक मारली की बघतो ना आपण, तसं. आणि ओ दिली. 'आले' म्हणाली. मला म्हणाली, झाड राहू दे, येताना नेते. आणि वर गेली."

"कुणी हाक मारली?"

"मी नाही ऐकली," म्हातारी म्हणाली. "तिनं ऐकली."

हे तेव्हा का सांगितलं नाही, असं धाकटीने विचारलं. त्यात राग नव्हता, तरी म्हातारीने मान खाली घातली. पोलिसांनी ती वर गेली का एवढंच विचारलं होतं, गेली म्हणून सांगितलं. न ऐकू आलेल्या हाकेची गोष्ट सांगितली असती तर नव्या नवरीला वेडी ठरवलं असतं. ताईचे वडील आले, ते याच ओट्यावर बसून ढसाढसा रडत होते. त्यांना झाड दाखवायची ती वेळ होती का?

धाकटीने कळ्या घेतल्या. म्हातारीने स्वतःच्या हाताने खुडून दिल्या, लहानांतली लहान कळीसुद्धा. परतताना विद्यार्थिनी रस्ताभर काहीबाही बोलत होती. धाकटी हो-हो करत होती. इतकी वर्षं सगळं घर फुलांना बोल लावत आलं होतं, आणि फूल तर ताईच्या हातात आलं होतं, डब्यात लागलं होतं. ज्यासाठी ती गेली असं सगळे म्हणत, ते मिळाल्यावर ती गेली.

पुढचे काही दिवस तिने काम केलं. दुसरं काही सुचतच नव्हतं. उमललेल्या फुलात केसर चार निघाले, पुस्तकात होते तसे. मोठ्या कळीत चार आणि एक शीर, निघालेली आणि मधेच संपलेली. म्हणजे ताई चुकली, असं मनाशी म्हणत तिने अगदी लहान कळीचे काप भिंगाखाली सरकवले. तिथे पाच होते. सारखे, गोल, एका मापाचे पाच कोंब, एकमेकांकडे तोंड करून बसलेले. चार वाढतात. पाचवा तेवढ्यावरच थांबतो आणि पुढे बाकीच्यांच्या वाढीत दिसेनासा होतो. ताईने पाहिलं ते खरंच पाहिलं होतं, फक्त फार लवकर पाहिलं होतं.

शेजारच्या खोलीतलं चाक त्या दुपारी फिरलं नाही. तिने कान देऊन वाट पाहिली. भिंतीवरच्या घड्याळाखेरीज आवाज नव्हता, आणि ती शांतता तिला सोसवेना म्हणून ती लवकर घरी गेली.

आई खिडकीशी बसून स्वेटर उसवत होती. ऐंशी ओलांडली होती, पण डोकं शाबूत होतं. धाकटीने चपला काढल्या नाहीत तोच सांगितलं की परीक्षेचं काम नव्हतं, मी डोंगरावर गेले होते. आई चिडली नाही. लोकर गुंडाळत राहिली. मग धाकटीने झाडाचं सांगितलं, डब्यांचं सांगितलं, आणि थांबत थांबत हाकेचंही सांगितलं.

आईचे हात थांबले.

"ओ दिली तिनं?"

"हो."

"दुपारी?"

"जेवून बसली होती म्हणे. दुपारच असेल."

आई बोलली तेव्हा आवाज इतका साधा होता की धाकटीला आधी अर्थच लागला नाही. "मी मारली होती हाक. त्या दिवशी दुपारी. तुला जेवायला बोलवायचं होतं, तू गच्चीवर होतीस. जिन्याच्या तोंडाशी उभी राहून हाक मारली, आणि तोंडात नाव आलं तिचं. तुझ्याऐवजी तिचं. मोठ्याने मारली. मग जीभ चावली."

"आई, सगळ्या आयांचं असं होतं. आणि एवढ्या लांब हाक पोचते का?"

"ते तुझं शास्त्र सांगेल," आई म्हणाली. "मी आपली तेव्हापासून कुणाला हाक मारत नाही."

आणि धाकटीच्या लक्षात आलं की हे खरं आहे. आईने लांबून हाक मारलेली तिला आठवतच नव्हती. जेवायला बोलवायचं तर आई खोलीत येऊन खांद्याला हात लावायची. गच्चीवर असली तर गुडघे धरत जिना चढून यायची. याला ती आजवर आईची माया समजत आली होती.

आईने नंतर एकच मागणं केलं, मला तिथे ने. विद्यार्थिनीने गाडी दिली, थेट अंगणापर्यंत. आईला खुर्चीत बसवलं. दोन म्हाताऱ्या एकमेकींशी फारसं बोलल्या नाहीत. आईने डब्यांतल्या फुलांकडे पाहिलं, एकाला बोट लावून पाहिलं, मग काठी टेकून उठली आणि डोंगराकडे तोंड करून उभी राहिली. भर उन्हात, इतक्या वर्षांनी, तिने थोरलीला हाक मारली. लहानपणच्या नावाने. आवाज फाटका होता, पण निघाला. ती थांबली. पुन्हा मारली. वर गवत हलत होतं. ओ येऊ नये असं धाकटीला वाटत होतं, आणि यावी असंही.

काही आलं नाही. आईने मान तिरकी करून आणखी थोडा वेळ ऐकलं. "हट्टी होती," ती म्हणाली, आणि गाडीकडे वळली. ताईबद्दल बोलताना आईच्या तोंडून 'होती' कधी निघालं नव्हतं. म्हातारीने ते ऐकलं की नाही कोण जाणे, पण तिने तांब्या उचलून पुन्हा झाडांना पाणी घालायला सुरुवात केली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आई गेली, झोपेतच. फुलाचा शोधलेख छापून आला, दोघी बहिणींच्या नावाने. थोरलीच्या नावापुढे ती हयात नसल्याची खूण करावी का, असं मासिकाने विचारलं होतं. धाकटीने उत्तर दिलं नाही, त्यांनी खूण केली नाही. म्हातारीने दिलेलं रोप शहराच्या हवेत तगलं नाही. कॉलेजातली खोली आता दुसऱ्या कुणाला मिळाली आहे. त्या नव्या माणसाला यंत्राचा आवाज येतो का, हे धाकटीने विचारलेलं नाही.

बाकी केसरबाई बऱ्या आहेत. सकाळी फिरायला जातात, जुने विद्यार्थी भेटतात. फक्त एक झालं आहे. रस्त्यात कुणी मागून हाक मारली, तर त्या लगेच ओ देत नाहीत. थांबतात, पुरत्या वळतात, हाक मारणाऱ्याचं तोंड दिसेपर्यंत बघत राहतात. मगच काय ते बोलतात.